तलावडीतले बेडूकमासे: ओळखायचे कसे, आणि घरी आणलेच तर जगवायचे कसे

पहिला जोरदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्याकडे बेल वाजते. दारात कुणाचं तरी पोरगं पाण्याची बाटली घेऊन उभं, बाटलीत गढूळ पाणी, त्यात पन्नास-साठ काळे ठिपके वळवळतायत, आणि मागून त्याची आई विचारते, "बेन, आ माछलीनां बच्चां छे ने?" नाही हो, मासे नाहीत, बेडूकमासे आहेत, म्हणजे बेडकाची पिल्लं. आणि एक लिटरच्या बाटलीत साठ म्हणजे उद्या सकाळपर्यंत अर्धे उलटे तरंगणार. दरवर्षी हेच सांगून सांगून माझा घसा बसतो म्हणून यंदा एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय, वाचा आणि ज्याला हवं त्याला पाठवा.

मी काही प्राणिशास्त्र शिकलेली नाही, नोकरी बँकेतली. पण बडोद्यात आमच्या सोसायटीच्या मागे एक प्लॉट आहे, कुणीतरी पायासाठी खणला आणि तसाच सोडून दिला, तो खड्डा दर पावसाळ्यात भरतो आणि दिवाळीच्या आधी कोरडा पडतो. आम्ही त्याला तलावडीच म्हणतो, इथं राहून गुजराती शब्द तोंडात बसलेत. ही असली चार महिन्यांची पाणथळ जागा बेडकांना फार आवडते कारण वर्षभर पाणी नाही म्हणजे मोठे मासे नाहीत, म्हणजे अंडी खाणारं कुणी कमी. सात-आठ पावसाळे मी तिथं वाकून बघतेय, पहिली दोन वर्षं भरपूर मारले पण, ते पुढे येईलच.

आधी, आणायचे का?

खरं उत्तर: बहुतेक वेळा नको. काठावर बसून बघा, फोटो काढा, घरी या. माझा स्वतःचा नियम असा की डबकं आटत चाललंय आणि चार दिवसात ते सगळे चिखलात सुकणार हे दिसतंय, किंवा पोरांना पाय फुटताना एकदा डोळ्यांनी दाखवायचंय, या दोनच कारणांसाठी आणायचे. आणि दाखवायला आणले तर दहा. पोरं वीस म्हणतील, तुम्ही दहावरच अडा. बेडूक रानटी जीव आहे, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तेव्हा पाळायला, विकायला, कुणाला गिफ्ट द्यायला हा प्राणी नाही. चार-पाच आठवडे पाहुणा म्हणून ठेवायचा आणि जिथून आणला तिथंच परत. अभयारण्यातून, कमाटीबागेतून (बडोद्यातली मोठी सार्वजनिक बाग), कुठल्याही राखीव जागेतून तर काहीच उचलायचं नाही.

आणि बडोदेकरांना हे वेगळं सांगायला लागू नये पण सांगते, विश्वामित्रीच्या काठाला अजिबात जायचं नाही. नदीत मगरी आहेत, आजूबाजूच्या काही तळ्यांतही आहेत, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये आल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. बेडूकमासे बघायला गुडघाभर पाण्याचं, तळ दिसणारं डबकं पुरतं. पुराचं पाणी ओसरून राहिलेलं डबकं असेल तर अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) होतो त्याने. गमबूट घाला. आणि काठच्या गवतात पाणदिवड असतेच, विषारी नाही पण चावते, तीही बिचारी बेडूक शोधायलाच आलेली असते.

हा बेडूकमासाच आहे ना?

पारदर्शक ग्लासात थोडं पाणी घेऊन एक-दोन जीव त्यात घ्या आणि बाजूने बघा, वरून नको. वरून सगळे सारखेच दिसतात, बाजूने बघितलं की लगेच कळतं.

बेडूकमाशाचं डोकं आणि पोट मिळून एकच गोळा असतो आणि त्याला मागे शेपूट, शेपटीच्या मधोमध मांसल पट्टी आणि वर-खाली पातळ पारदर्शक पडदा. बाजूला पंख नाहीत, खवले नाहीत. माशाच्या पिल्लाला डोक्यामागे दोन्ही बाजूंना छोटे पंख फडफडताना दिसतात, अंग लांबट असतं आणि डोळे त्या मानाने फार मोठे. पोटाकडून बघितलं तर बऱ्याच बेडूकमाशांचं आतडं दिसतं, गोल गोल, अगदी जिलबी घातल्यासारखं, शेवाळ पचवायला लांबच लांब आतडं लागतं म्हणून. एकदा ती जिलबी बघितली की परत कधी चुकणार नाही.

डासाच्या अळ्या तर ओळखू येतातच, पाण्याच्या वरच्या थराला उलट्या लटकतात आणि सावली पडली की वेडीवाकडी वळवळत खाली जातात. त्या सोडून अजून एक पाहुणा येतो त्याच्यापासून सावध राहायचं, चतुराची अळी. सहा पाय, मातकट रंग, तळाशी गप्प बसलेली, दिसायला एकदम साधी, पण तिचा खालचा ओठ दुमडून ठेवलेला असतो तो झपकन पुढे येतो आणि बेडूकमासा धरतो. एका वर्षी माझ्या टबात अशी एक शिरली, मी रोज मोजत होते, दहाचे आठ, आठचे सहा, शेजारच्या मांजरीवर आळ घेतला मी. म्हणून ग्लासातून टबात टाकताना एकेक बघून टाका, चिखलासकट ओतू नका.

नेटवर शोधलं की कानाच्या बाजूला पिसांसारखे लाल झुपके असलेली पिल्लं दिसतात आणि लोक घाबरून विचारतात की आमच्या पिल्लाला ते का नाहीत. ते फोटो न्यूट आणि सॅलमँडरचे, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या नातेवाइकांचे, भारतात तसला प्राणी दार्जिलिंगच्या बाजूला, पूर्व हिमालयाकडे आहे, गुजरातेत नाही. आपल्या बेडूकमाशालासुद्धा अंड्यातून निघाल्यावर सुरुवातीचे थोडे दिवस बाहेर इवलेसे कल्ले असतात पण ते लगेच कातडीखाली झाकले जातात.

कुणाचं पिल्लू?

इथं थोडं सांभाळून. नुसत्या बेडूकमाशावरून जात पक्की सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, ते लोक भिंगाखाली तोंडातल्या दातांच्या ओळी मोजतात. आपण अंदाज करायचा, शेवटी बेडूक झाला की कळेल. पण काही अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतात आणि ते घरी आणणाऱ्याला उपयोगाचे आहेत कारण प्रत्येकाचं खाणं वेगळं.

एकदम काळेकुट्ट, लहान, थवा करून फिरणारे, ढग सरकल्यासारखे एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणारे: हे भेकाचे, म्हणजे तो खरखरीत पाठीचा, रात्री बाथरूमच्या नळाखाली येऊन बसणारा. त्याची अंडी पण ओळखू येतात, जेलीच्या लांब दोरीत काळे मणी, पाणवनस्पतीला गुंडाळलेली, मंगळसूत्राची काळी पोत कुणी पाण्यात टाकलीय असं वाटतं. नवशिक्याने आणायचे तर हेच, चिवट असतात.

दुसरे, काचेसारखे आरपार दिसणारे, चपटे, पाण्यात मधेच अधांतरी स्थिर उभे, फक्त शेपटीचं टोक थरथरत असतं. हे मायक्रोहायला नावाच्या बारक्या बेडकाचे, मोठा झाल्यावर तो बेडूक नखाएवढ्यापेक्षा थोडाच मोठा असतो पण आवाज एवढा की वाटतं अख्खा वाडा ओरडतोय. यांना कुरतडायचे दात नसतात, पाणी गाळून त्यातलं बारीक बारीक खातात, म्हणून यांना पानं घालून उपयोग नाही. नवीन माणसाने हे घरी आणू नयेत, उपाशी मरतात आणि आपल्याला कळतही नाही.

तिसरे झाडबेडकाचे. पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला किंवा टाकीच्या आतल्या भिंतीला पांढरा फेस चिकटलेला दिसतो, कुणीतरी साबणाचं पाणी फेकलंय असा, आमच्या सोसायटीत एकाने तो खरंच झाडूने धुऊन काढला होता. तो फेस म्हणजे घरटं, आत अंडी, पिल्लं फुटली की खाली पाण्यात टपकतात. ती पिल्लं अंगाने रुंद, डोळे अगदी बाजूला, आणि बऱ्याचदा नाकाच्या टोकावर पांढरा ठिपका. यांना बेडूक व्हायला भेकापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढा धीर असेल तर बघायला सगळ्यात मजा यांची.

आणि चौथा, तो मोठा बुलफ्रॉग, पहिल्या पावसात नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात तो. (ह्याच्याच तंगड्या परदेशात जायच्या, १९८७ मध्ये निर्यात बंद झाली.) त्याची पिल्लं आडदांड, जबडा मजबूत, आणि ती बाकीच्या बेडूकमाशांना खातात, आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. टबात एकच मोठा आणि बाकी कमी कमी होतायत असं दिसलं तर त्या मोठ्याला उचला आणि सरळ तलावडीत सोडून या, त्याला पोसायच्या भानगडीत पडू नका.

याशिवाय हिरवट-तपकिरी, ठिपक्यांचे, लांब टोकदार शेपटीचे, तळाशी बसणारे खूप सापडतात, त्यातले बरेच त्या बेडकाचे असतात जो दगड मारला की पाण्यावर टपटप टपटप उड्या मारत पळतो. हेही जगवायला सोपे.

पकडायचे कसे

जाळी नको. चहाची गाळणी पण नको, पोरं तीच नेतात. शेपूट फार नाजूक असते आणि जाळीत अडकून फाटते. एक प्लॅस्टिकचा मग पाण्यात तिरका बुडवायचा, ते आपोआप पाण्याबरोबर आत येतात. हाताला साबण, क्रीम, आणि मुख्य म्हणजे डासांचं मलम लावलेलं नको, यांची कातडी सगळं आत ओढून घेते. शाळेच्या पोरांना पावसाळ्यात आया डासांचं मलम चोपडून पाठवतात आणि तेच हात पाण्यात. येताना त्याच डबक्याचं पाणी एखादा मोठा कॅन भरून आणा, लागतं. आणि घरी आल्यावर हात साबणाने धुवा, आता साबण चालेल, आता तो तुमच्यासाठी आहे.

टब आणि पाणी

इथंच सगळे मरतात म्हणून इथं जरा नीट वाचा.

भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, उथळ आणि पसरट. २० लिटरचा टब, त्यात १०-१२ लिटर पाणी, त्यात दहा-बारा बेडूकमासे. म्हणजे एकाला एक लिटर धरा, हिशोब सोपा. उंच अरुंद बरणी दिसायला छान पण वरून हवा कमी मिळते.

आता माझं पाप. दुसऱ्या वर्षी टब फुटका होता म्हणून मी आजीचं तांब्याचं घंगाळ काढलं. छान घासूनपुसून, चिंच लावून चकचकीत केलं, तलावडीचं पाणी भरलं, पंधरा भेकाची पिल्लं सोडली, फोटो काढून बहिणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून आले तर तीन तळाशी पडलेले, बाकीचे एका बाजूला कलून गोल गोल फिरतायत, तिसऱ्या दिवशी सकाळी घंगाळ शांत. मला वाटलं पाणी खराब झालं. नंतर वाचल्यावर कळलं की तांबं पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी बेडूकमाशांना विष आहे, आपल्याला तांब्याचं पाणी चांगलं म्हणून त्यांनाही चांगलं असं नसतं. पितळेतही तांबंच असतं, म्हणजे पितळी पातेलं, कळशी काहीच नाही. माशांच्या दुकानात मिळणारी काही औषधंही तांब्याची असतात, पाण्यात निळी पडतात, तीही घालू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

पाणी सगळ्यात चांगलं तलावडीचंच, दुसऱ्या नंबरला पावसाचं, पण पहिल्या पावसात पत्र्यावरून आलेलं नको, छपरावरची सगळी घाण त्यात असते. नळाचं वापरायचं तर आजवा तलावाचं असो की मही नदीचं, त्यात क्लोरीन असतं, पसरट बादलीत उघडं चोवीस तास ठेवा म्हणजे उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात ते चालतात, बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला.

पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक तृतीयांश काढायचं, तळाची घाण नळीने ओढून घ्यायची आणि तेवढंच नवीन, त्याच तापमानाचं घालायचं. फ्रीजचं नको, गीझरचं नको, हसू नका, आमच्याकडे एका आजोबांनी "गारठलेत बिचारे" म्हणून कोमट पाणी ओतलं होतं. पाणी बिघडलंय हे कळतं कसं? बेडूकमासे एरवीसुद्धा मधून मधून वर येऊन हवा घेतात, ते चालतं, पण सगळेच्या सगळे वरच तोंड काढून बसलेत, खाली जातच नाहीत, तर वास घेऊन बघा. वास आला की अर्धं पाणी लगेच बदला आणि खाणं एक दिवस बंद.

काही जण मिठाचा खडा टाकायला सांगतात. नको. आयोडीन टाकायला सांगणारेही भेटतात, लवकर पाय फुटतात म्हणून. त्यामागे खरी गोष्ट आहे, १९१२ मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी (आयोडीन वापरणारी ग्रंथी ती हीच) खायला घातली आणि ते वेळेच्या आधीच बदलायला लागले, पण ते माशीएवढे बेडूक झाले, पूर्ण वाढच नाही. घरी हा उद्योग करून काय मिळवायचंय.

टब कुठं ठेवायचा: सकाळचं थोडं कोवळं ऊन येईल अशी गॅलरी. गच्चीवर नको. पाऊस थांबला की इथं भादरव्याचा (भाद्रपदातल्या उन्हाचा) तडका पडतो तो माहितीये ना, दोन तासात टबाचं पाणी तापतं, बोट घालून कोमट लागलं तर उशीर झालेला असतो. वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा, त्याने कावळा-मांजर पण लांब राहतात आणि डास अंडी घालत नाहीत, नाहीतर म्युनिसिपालिटीची माणसं डासांचं पाणी शोधत येतील आणि त्यांचंही बरोबरच आहे. चुकूनही फवारा किंवा रॉकेलचा थेंब पाण्यात जाऊ देऊ नका. तळाशी एखादा शेवाळलेला दगड आणि तलावडीतलीच थोडी हायड्रिला (पाण्यातली वनस्पती) टाका, लपायला जागा मिळते.

आणि गप्पी मासे टाकू नका, "सोबतीला" म्हणून. ते छोट्या पिल्लांना कुरतडतात. गंबुशिया, तो डासांच्या अळ्या खाणारा दुसरा मासा, त्याहून वाईट.

खायला काय, आणि किती कमी

सगळ्यात जास्त बेडूकमासे उपासाने मरत नाहीत, आपल्या प्रेमाने मरतात. पोरं भाताची शितं टाकतात, बिस्किट टाकतात, एका घरी तर ठेपल्याचा तुकडा. ते सगळं तळाशी कुजतं, पाणी आंबतं, आणि मग वर लिहिलंय ते होतं.

पहिली पसंती तलावडीतलं शेवाळ, दगडासकट आणलेलं. दोन-तीन दिवस त्यावरच निघतात. मग कोबीचं किंवा लेट्यूसचं पान घ्या, उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवा, गार करा, नखाएवढा तुकडा टाका. काकडीची पातळ चकती पण खातात. पालक सगळ्यांना आधी सुचतो पण पालकात ऑक्झॅलेट जास्त, रोज दिला तर बेडूकमाशांच्या मूत्रपिंडात खडे होतात, राजगिऱ्याच्या पानांचंही तेच. भाजी बाजारातली असेल तर नीट धुवा, औषध फवारलेलं असतं.

आठवड्यातून दोनदा माशांचं खाद्य, फ्लेक्स असतात ते, चुरून, दहा जणांना मिळून दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मं. मायक्रोहायला आणलेच असतील, मी सांगून सुद्धा, तर स्पायरुलिनाची (एक प्रकारचं शेवाळ) पूड किंवा फ्लेक्सची अगदी पिठासारखी पूड पाण्यावर भुरभुरायची, आणि हिरवं झालेलं डबक्याचं पाणी त्यांना सगळ्यात चांगलं.

नियम एकच लक्षात ठेवा, संध्याकाळी टाकलेलं सकाळी उरलेलं दिसलं तर ते काढा आणि त्या दिवशी काही देऊ नका. त्यांचं पोट कधी रिकामं नसतं, जिलबी भरलेलीच दिसते, काळजी करू नका.

पाय फुटतात तेव्हा

भेकाला साधारण चार-पाच आठवडे लागतात, थोडं पुढेमागे, पाणी गार असलं तर जास्त. शास्त्रज्ञ लोक गॉस्नरचा तक्ता वापरतात, १९६० चा, अंड्यापासून बेडकापर्यंत ४६ पायऱ्या. एवढं काटेकोर आपल्याला नको, पण फोनमध्ये रोज एकाच ग्लासात, एकाच बाजूने, मागे पांढरा कागद धरून फोटो काढा, महिन्याने ओळीने बघितले की पोरं वेडी होतात.

आधी मागचे पाय. शेपटीच्या मुळाशी दोन कोंब, मग बोटं, मग गुडघे. पुढचे पाय तोवर आतच तयार होत असतात, बाहेर दिसतच नाहीत. माझ्या भाचीने गेल्या वर्षी हा क्षण बघितला, मी तिच्या शेजारी होते. ग्लासात एक पिल्लू, अंगाच्या डाव्या बाजूला कातडीखाली काहीतरी टोचतंय असा उंचवटा, ते एकदा आचके दिल्यासारखं हललं आणि कोपर बाहेर. हात नाही, आधी कोपर, जसं घट्ट स्वेटरच्या फाटक्या बाहीतून येतं तसं. मग बाकीचा हात निघाला. उजवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही झोपलेले असताना. "आत्या, ह्याने हात खिशात ठेवले होते," ती म्हणाली.

आता इथून पुढचे चार-पाच दिवस सगळ्यात धोक्याचे आणि नवीन लोक नेमके इथंच गाफील असतात कारण वाटतं की झालं, जगला. पुढचे पाय आले की त्याचे कल्ले बंद व्हायला लागतात, फुप्फुसाने श्वास घ्यायचा असतो, आणि वर चढायला जागा नसेल तर बेडकाचं पिल्लू चक्क पाण्यात बुडून मरतं. म्हणून मागचे पाय नीट दिसायला लागले की पाणी कमी करून पाच-सहा सेंटिमीटरवर आणा आणि एका बाजूला उतार करा, दगड, फुटकी कौलं, मातीचा पसरट तुकडा, काहीही, फक्त काठ उभा नको. झाकण पक्कं बांधा कारण शेपटीसकट टबाच्या भिंतीवर चढतात, झाडबेडकाचे तर काचेवरही.

या दिवसात ते काही खात नाहीत. तोंड बदलत असतं, शेवाळ खरवडणाऱ्या तोंडाचं किडे पकडणारं रुंद तोंड होतं, आतडंही आखडतं, आणि शेपूट गळून पडत नाही, ती अंगातच विरघळून त्यावरच ते जगतात. त्यामुळे खात नाही म्हणून कोबी कोंबू नका.

परत सोडणं

शेपटीचा नुसता बुंधा राहिला की वेळ झाली. ठेवून घ्यायचा मोह होतो, भेकाचं पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचं, तांदळाच्या चार दाण्यांएवढं, इतकं गोड दिसतं, पण त्याला जिवंत बारीक किडे लागतात, रोज, तेवढे आपण आणू शकत नाही. संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, ज्या तळ्यातून आणले त्याच तळ्याच्या काठच्या ओल्या गवतात सोडा, पाण्याच्या मधोमध नको, उन्हात तर मुळीच नको. दुसऱ्या "चांगल्या" तळ्यात सोडू नका. बेडकांना कातडीचा एक बुरशीचा रोग होतो, जगभर त्याने बेडूक मेलेत, तो पाण्यातून आणि ओल्या सामानातूनही पसरतो, शिवाय एका जागचे बेडूक दुसरीकडे टाकून काय होईल ते आपल्याला काय माहीत. टबातलं पाणीही दुसऱ्या तळ्यात ओतायचं नाही, कुंडीत किंवा मातीत ओता. डबकं आटत होतं म्हणून आणले असतील आणि ते खरंच कोरडं पडलं असेल तर त्याच आवारातली सगळ्यात जवळची ओली, गवताची जागा बघा.

मेलेले असतील तर वाईट वाटून घेऊ नका, निसर्गातही शेकड्यातले थोडेच बेडूक होतात. मेलेला दिसला की लगेच काढा, नाहीतर बाकीचे त्याला खातात आणि पाणी नासतं.

गेल्या वर्षी आम्ही दहातले आठ परत नेले, श्रीखंडाच्या डब्यात ओलं गवत घालून. वॉचमनकाका छत्री धरून उभे, "बेन, देडकां शुं करवा पाळो छो?" (बेडूक कशाला पाळता?) असं दरवर्षीप्रमाणे विचारून झालं, भाचीने डबा आडवा केला, सात उड्या मारत गेले आणि एक डब्याच्या काठावरच बसून राहिला, शेपटीचा एवढासा काळा ठिपका अजून शिल्लक. दहा मिनिटं उभे राहिलो आम्ही पावसात. शेवटी काकांनीच गवताची काडी लावून त्याला उतरवलं.

टब, मग, दगड सगळं नुसत्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवायचं, साबण लावू नका, पुढच्या वर्षी त्यातच पिल्लं ठेवायचीत. आमचा टब सध्या गॅलरीत पालथा पडलाय आणि वर आईने वडीचं सूप ठेवलंय वाळायला.